बाबा आधी पळाले

"...पण बाबा, तुम्ही पळालात?"

खरबडे मास्तरांनी हे दुसऱ्यांदा विचारलं.

केवळगिरीबाबा मठाच्या पायरीवर बसून गुडघ्याला हळद लावत होते. आदल्या दिवशी पळताना ते ह्याच पायऱ्यांवर पडले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं शरीर. गुडघा चांगलाच सोलला होता.

"पळालो," बाबा म्हणाले.

"सगळ्यांच्या आधी?"

"सगळ्यांच्या आधी."

"हातातली पोथी टाकून?"

"पडली खरी."

मी पिठाचा डबा घेऊन तिथंच उभा होतो. गावात माझी पिठाची गिरणी आहे, मठाचं दळण मीच पोचवतो. डबा खाली ठेवायचंही मला सुचेना. बाबांना असं कुणी विचारत नसे.

पण मास्तरांना विचारायचा हक्क होता, असं त्या दिवशी अर्ध्या गावाचं मत होतं.

खरबडे मास्तर गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं रोज सकाळी मठात येत. दोन तास ताठ बसायचे. नाकावर माशी बसली तरी हात उठत नसे. बाबांचे बाकीचे शिष्य पेंगायचे, चुळबुळायचे, मध्येच उठून पाणी पिऊन यायचे. मास्तर नाही. गावाला त्यांचा अभिमान होता.

त्यांनाही होता.

आता आदल्या दिवशी काय झालं ते सांगतो. त्यासाठी एकोणीस दिवस मागं जावं लागेल.

आमच्या उंबरदऱ्याला भूकंप ठाऊक नव्हता. दुष्काळ ठाऊक होता, गारपीट ठाऊक होती, एकदा बिबट्याही येऊन गेला होता. जमीन हलते हे पुस्तकातलं. किल्लारीचं नाव निघालं की म्हातारी माणसं गप्प व्हायची, पण ते लांबचं होतं, दुसऱ्यांचं होतं.

पहिला धक्का बसला तेव्हा मी गिरणीत होतो. पट्टा तुटला असं वाटून मी मोटार बंद केली. मोटार थांबली, आवाज चालूच. खालून. भरलेलं लोखंडी पिंप कुणी जमिनीच्या पोटातून गडगडत न्यावं, तसा.

मग तोही थांबला.

बाहेर आलो तर सगळी आळी बाहेर. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतोय. सरपंच म्हणाले, खाणीत सुरुंग लावला असेल. ती खाण बंद होऊन सहा वर्षं झाली होती. हे सगळ्यांना माहीत होतं, सरपंचांनाही. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी दोनदा हललं. तिसऱ्या दिवशी चारदा. मग खाणीचं नाव कुणी काढेना.

तालुक्याहून दोन माणसं एक यंत्र घेऊन आली. शाळेच्या वर्गात ते बसवलं. जाताना म्हणाली, "सौम्य आहेत. घाबरू नका. पण घरात झोपू नका."

आमच्या बायकांनी त्या यंत्राच्या आधीच मोजमाप ठरवून टाकलं होतं. फळीवरच्या वाट्या किणकिणल्या, तर तो वाटीचा. दाराची कडी वाजली, तर कडीचा. पत्रे थडथडले, तर पत्र्याचा. सकाळी पाणवठ्यावर बोलणं असायचं, "पहाटे झाला तो कडीचा का गं?" "छे, वाटीचा."

हसायचो. पण हसताना एक हात भिंतीला असायचा.

मठात गर्दी वाढली. लोक बाबांना विचारायचे, "बाबा, थांबेल का हे?"

"मला नाही ठाऊक."

"मठ पक्का आहे ना?"

"जुना आहे."

एवढंच. अंगारा नाही, दिलासा नाही. फक्त सकाळची बैठक त्यांनी आत सभामंडपात न घेता पटांगणात, लिंबाखाली घ्यायला सुरुवात केली. मास्तर तेवढे रोज आत जाऊन आपल्या खांबापाशी बसत. बाबांनी त्यांना दोनदा बाहेर बोलावलं. मास्तर म्हणाले, "आसन मोडायला नको." बाबांनी तिसऱ्यांदा बोलावलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी अवकाळी पाऊस आला. म्हातारीकोतारी भिजायला लागली, म्हणून सगळे मंडपात शिरलो. चाळीसेक माणसं असू. बाबा पोथी वाचत होते.

आवाज आला.

आता हे नीट ऐका. आवाज आल्यावर आमच्यापैकी कुणीही उठलं नाही. आम्ही बाबांकडं बघितलं. गुरूसमोर बसलेला माणूस अशा वेळी दुसरीकडं कुठं बघणार?

बाबांनी पोथी टाकली.

"पळा! पळा रे!" असं ओरडत ते उठले, धोतराचा सोगा एका हातात धरला आणि आमच्या मधून वाट काढत दाराबाहेर पळाले. चेहरा पांढरा पडलेला. पायऱ्यांवर पडले, उठले, पुन्हा पळाले.

बाबाच पळाले म्हटल्यावर आम्हाला कसली लाज? आम्हीही पळालो. लेकरं काखोटीला, म्हातारी माणसं पाठीवर. मी पटांगणात पोचलो तोच मागं धाडकन आवाज झाला आणि मंडपाच्या दारातून धुळीचा लोट बाहेर आला.

सगळं मिळून फार तर दहा-पंधरा श्वासांचा खेळ.

आत गेलो. कमानीचा एक दगड निखळून खाली आला होता. मास्तर आपल्या खांबापाशी बसलेले. ताठ. डोळे नुकतेच उघडलेले. अंगावर धुळीशिवाय काही नाही.

त्यांच्या मागं दोन हातांवर ठकूबाई पडली होती. दगड तिच्या पायावर आला होता.

ठकूबाई म्हणजे तीस वर्षं मठ झाडणारी बाई. नवरा कधीच गेला. घरात ती आणि एक म्हैस. तिला आम्ही दवाखान्यात नेलं. घोट्याचं हाड मोडलं होतं.

म्हातारी बिचारी, उठता आलं नसेल... सगळे असंच म्हणाले.

संध्याकाळपर्यंत चावडीवर एकच विषय उरला. बाबा पळाले. मास्तर बसले.

"एवढ्या वर्षांची तपश्चर्या, आणि सशासारखे पळाले!"

"खरा साधू तर मास्तर निघाले."

कुणीतरी जाऊन मास्तरांच्या उंबऱ्यावर नारळ ठेवून आलं. मास्तरांनी तो परत केला नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मठाच्या पायरीशी उभे राहून विचारत होते.

"भीती वाटली तुम्हाला?"

"वाटली ना."

"पन्नास वर्षं साधना करून?"

"साधनेनं भीती जाते, असं कुणी सांगितलं तुला? वेळेवर येते, एवढंच."

मास्तर हसले. ते हसू मला आवडलं नाही. वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या पोराकडं बघून हसावं, तसं होतं.

"मला नाही वाटली, बाबा. एक रोमसुद्धा हलला नाही. तुमच्याच कृपेनं," मास्तर म्हणाले. शेवटचे दोन शब्द त्यांनी जरा उशिरा जोडले.

बाबा हळद लावत राहिले.

"ठकूबाईला भेटून आलास?"

"नाही अजून. जाईन."

"आत्ता जा."

"बाबा, मी जे विचारलं त्याचं..."

"आत्ता जा, मास्तर. त्या डब्यातलं थोडं पीठ घेऊन जा तिला. गिरणीवाल्या, तू पण जा संगती."

ठकूबाईचं घर माझ्या गिरणीसमोरच आहे. दगडमातीच्या भिंती, वर पत्रा. ती दाराजवळ बाजेवर पडून होती, पाय प्लास्टरमध्ये. आम्हाला बघून उठू लागली.

"या मास्तर, बसा. च्या टाकला आसता, पन उठता येईना."

"राहू दे, राहू दे. फार दुखतंय का?"

"दुखतंय की. पन पायावरच निभावलं. डोस्कं ऱ्हायलं."

मास्तर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "तुम्हाला उठायला जमलं नाही का काल?"

"जमलं की! दारापतुर गेले हुते म्या."

"दारापर्यंत?"

"व्हय. एक पाय भाईर बी टाकला."

"मग?"

"मग मागं वळून बगितलं. तुमी बसलेले. डोळे मिटून, गप्पगार. म्हनलं, बाबा म्हातारे झाले, घाबरले. पन मास्तर शिकलेला मानूस. ह्यो बसलाय म्हंजे त्याला कायतरी ठावं आसंल. आली माघारी. तुमच्या मागं बसले."

गिरणीवाल्याच्या कानाला आवाजाची सवय असते. त्या घरात त्या वेळी कसलाच आवाज नव्हता. म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली होती की काय, कुणास ठाऊक.

ठकूबाईच पुढं म्हणाली, "खोटं न्हाई सांगत मास्तर, तुमच्या मागं बसले आन् लई बरं वाटलं बगा. छातीतली धडधड थांबली."

तिनं हात जोडले. मनापासून. तिच्या तोंडावर राग नव्हता, दोष नव्हता. कौतुकच होतं.

मास्तर तिच्या प्लास्टरकडं बघत होते. अकरा वर्षं मी त्यांना न हलता बसलेलं बघितलं होतं. असं बसलेलं बघितलं नव्हतं.

"मला काही ठाऊक नव्हतं, ठकूबाई."

"आँ?"

"मला काहीच ठाऊक नव्हतं."

ठकूबाईला हे समजायला जरा वेळ लागला. मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं,

"मग बसला हुता कशापायी?"

मास्तर उठले. चपला न घालता निघाले. मी त्यांच्या चपला हातात घेऊन मागून गेलो.

बाबा अजून पायरीवरच होते. मास्तर त्यांच्यासमोर उभे राहिले.

"बाबा, काल माझे डोळे मिटलेले होते..."

"हं."

"पण लोक माझ्याकडं बघतायत, हे मला दिसत होतं."

बाबांनी मान वर केली. सरकून त्यांनी पायरीवर थोडी जागा केली.

मास्तर बसले. पाय पोटाशी घेऊन, मुलं बसतात तसे.

थोड्या वेळानं म्हणाले, "आता कळलं. लोक उठावेत म्हणून तुम्ही मुद्दाम पळालात. स्वतःचा मान घालवून. भीतीचं सोंग केलंत."

"सोंग कशाचं? चांगला घाबरलो होतो. हे बघ, गुडघा."

"मग तुमच्यात आणि आमच्यात..."

"मी फक्त लपवली नाही."

मी चपला खाली ठेवल्या. आदल्या दिवशी आम्ही चाळीस माणसं त्या मंडपात होतो. बाबांनी आपल्या पन्नास वर्षांच्या नावाची लाज धरून चार श्वास दम काढला असता, तर आम्हीही काढला असता. माझी नात माझ्या मांडीवर होती. हे माझ्या डोक्यात त्या क्षणी पहिल्यांदा आलं.

मी बाबांच्या पाया पडलो.

"पीठ दिलंस का तिला?" बाबांनी विचारलं.

पीठ द्यायचं राहूनच गेलं होतं.

त्या दिवसापासून मास्तर मठात बसेनासे झाले. सकाळी यायचे, ठकूबाईचा खराटा घेऊन पटांगण झाडायचे, आणि न बसता निघून जायचे. झाडणं काही जमत नव्हतं. कचरा वाऱ्याच्या दिशेनं लोटायचा असतो, हे गणिताच्या माणसाला कळायला चार दिवस लागले. मग ठकूबाईच्या घरी. तिचं पाणी भरायचे, म्हशीला वैरण टाकायचे. म्हैस त्यांना लाथ मारायची. ठकूबाई बाजेवरून ओरडायची, "डाव्या अंगानं जावा मास्तर, डाव्या!"

ठकूबाईची हकीकत गावभर झाली, तसे नारळ ठेवणारे आता त्यांना बघून तोंड फिरवत. मास्तरांनी तेही सोसलं.

आठव्या दिवशी भर दुपारी मी गिरणीच्या दारात उभा होतो. समोर ठकूबाई बाजेवर. मास्तर घरात माठ भरत होते.

आवाज आला.

पिंप गडगडत आलं. माझ्या डोक्यावरचे पत्रे थडथडले. मी रस्त्यावर उडी मारली आणि समोर बघितलं.

मास्तर आतून धावत आले. ओरडत. काय ओरडत होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दारापर्यंत आले, ठकूबाईला बाजेवरून उचलली, कशीबशी पाठुंगळी घेतली आणि पळाले. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, पाठीवर सत्तरीची बाई, तिचा प्लास्टरचा पाय पुढं बंदुकीसारखा. तसे रस्ता ओलांडून थेट माझ्या अंगावर आले. आम्ही तिघंही मातीत बसलो.

धक्का थांबला. ठकूबाईच्या घराची मागची भिंत बोटभर फुटली होती. पडली मात्र नाही.

मास्तर थरथरत होते. दात वाजत होते. धोतर माठातल्या पाण्यानं भिजलेलं.

ठकूबाईला हसू आवरेना. "अवो मास्तर, म्हशीचं दावं तरी सोडायचं हुतं!"

मास्तर उठले. तसेच लटपटत परत गेले आणि म्हशीचं दावं सोडून तिला बाहेर घेऊन आले. डाव्या अंगानं.

आळीतल्या बायका, पोरं, सरपंच, सगळे बघत होते. ह्या वेळी मास्तरांचं कुणाकडंच लक्ष नव्हतं.

संध्याकाळी ते बाबांकडं गेले. मी सांगितल्यावाचून राहणार नव्हतो, म्हणून मीही गेलो. पण मास्तरांनी मला बोलूच दिलं नाही.

"बाबा, आज मी घाबरलो. फार घाबरलो. पळालो."

"एकटाच?"

"नाही."

बाबांनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवून दिला.

नंतर धक्के कमी होत गेले. पत्र्याचे थांबले, कडीचे थांबले. वाटीचा महिन्यातून एखादा व्हायचा, मग तोही होईना. का आले, का गेले, कुणी सांगू शकलं नाही. तालुक्याची माणसं येऊन यंत्र घेऊन गेली. ठकूबाई काठी टेकत चालू लागली. तिच्या घराची मागची भिंत आम्ही पाडून नव्यानं बांधली, मास्तरांनी विटा वाहिल्या.

मठाच्या मंडपाची कमानही उतरवून पुन्हा रचली. गवंड्यानं छाती ठोकून सांगितल्यावर बाबांनी पहिली बैठक आत ठेवली. जत्रेसारखी माणसं जमली. ठकूबाई पुढं, भिंतीला टेकून. मी नातीला घेऊन मधे.

मास्तर आत आले नाहीत. बाहेर पटांगणात खराटा हातात धरून उभे होते.

बाबांनी पोथी उघडली. मिटली. उठून बाहेर आले. आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या.

"आत चल, मास्तर."

"नको बाबा. मी झाडतोय ते बरं आहे. बसणं मी सोडलं."

"का?"

"माझ्या बसण्यानं एका बाईचा पाय मोडला. उद्या जीव जाईल कुणाचा."

"बसण्यानं मोडला?"

लिंबाचं एक पान खाली आलं. मास्तरांनी ते खराट्यानं उगाच बाजूला केलं.

"बाबा, मला धड कळत नाही आता. बसलो तर खोटं वाटतं. पळालो तर तुम्ही पाठीवर हात ठेवता. अकरा वर्षं बसलो ते फुकट गेलं का? मी बसू की नको, एवढं एकच सांगा."

आत सगळे कान लावून होते.

बाबांनी त्यांच्या हातातला खराटा काढून घेतला. भिंतीशी उभा केला.

"बस की," बाबा म्हणाले. "दाराशी बस."